भोंग्यानंतरचं पाणी

मला एक मावशी आहे हे मला ओढ्याच्या रंगावरून कळलं. मी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागले होते. दुपारची जेवणं उरकली होती आणि आई मागच्या दारी, ओढ्याच्या काठाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. पाण्यातून निळ्या रंगाचा एक पट्टा सावकाश खाली येत होता. "आज निळं काढलंय तिनं," आई स्वतःशीच म्हणाली. "कुणी?" मी विचारलं. "तुझ्या मावशीनं," असं म्हणून ती आत गेली आणि भांडी अशी काही आपटायला लागली, की पुढचा प्रश्न विचारायची माझी छाती झाली नाही.

आमची लाँड्री आहे. पुढे दुकान, वर राहायच्या दोन खोल्या आणि मागे ओढा. दुकानात शिरलं की आधी वाफ लागते, मग साबणाचा वास येतो आणि मग आई दिसते. आई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी कॉलरकडे बघते, आणि कॉलरवरून तिचं जे मत होतं ते ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. एका गृहस्थाचा संसार मोडणार हे तिनं त्याच्या शर्टाच्या बटणांवरून ओळखलं होतं, तेही त्याच्या बायकोला कळायच्या आधी. माझ्या लग्नासाठी तिनं सुचवलेली सगळी मुलं स्वच्छ कॉलरची होती. त्यातल्या एकाशीही माझं जमलं नाही, तो भाग वेगळा. आता लाँड्री मी चालवते, म्हणजे आई चालवते आणि मी तिचं ऐकते.

ओढा म्हणाल तर फार काही नाही. पाऊस नसेल तेव्हा शाळेतली मुलं दप्तरासकट उडी मारून पलीकडे जातात. वस्तीच्या वरच्या अंगाला टेकडी आहे, टेकडीच्या पोटात दगडाची जुनी खाण आहे. तिथे दगड फोडता फोडता कधीतरी पाणी लागलं. पुढे खाण बंद पडली, पाणी चालूच राहिलं. तिथून ओढा निघतो, रंगाऱ्याच्या कारखान्याला वळसा घालतो, मालगाडीच्या रुळांखालच्या मोरीतून वाकून जातो, बेकरीच्या मागून, शाळेच्या कुंपणाला घासत आमच्या मागच्या दारी येतो आणि थोडं पुढे जाऊन नदीत पडतो. एवढाच त्याचा सगळा प्रवास.

पूर्वी तो असा सरळ नव्हता. बेकरीपाशी डावीकडे वळून, चांगले हेलकावे खात खाली यायचा. माझ्या आजोबांच्या लहानपणी मोठा पूर आला आणि त्या एका रात्रीत ओढ्यानं जवळची वाट काढली. जुनं पात्र कोरडं पडलं, त्यावर लोकांनी घरं बांधली, मधे गल्ली सोडली. ती गल्ली आजही इतकी वाकडीतिकडी आहे, की नवखा माणूस ती आखणाऱ्याच्या अकलेला हात जोडतो. आखली आहे ती ओढ्यानं. जोराचा पाऊस झाला की त्याला अजून जुनी वाट आठवते, आणि मग बेकरीवाला मैद्याची पोती खांद्यावर टाकून, ओढ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत माळ्यावर चढतो.

ओढ्याला नाव नाही. वरची माणसं त्याला रंगाऱ्याचा ओढा म्हणतात, खालची लाँड्रीचा ओढा म्हणतात. नगरपालिकेनं मोरीजवळ पाटी लावली आहे, तिच्यावर नुसतं 'नाला' असं लिहिलं आहे. त्या पाटीवरून जाताना आई मान फिरवते. "नाला असेल यांच्या घरी," ती म्हणते.

या ओढ्याचं पाणी मऊ आहे. साबण चिमूटभर टाकला तरी फेस धरतो आणि कपड्यावर रंगही सारखा चढतो, डाग पडत नाहीत. म्हणूनच वर रंगारी येऊन बसले आणि खाली लाँड्रीवाले. पण एकाला पाण्यात रंग सोडायचा आणि दुसऱ्याला त्याच पाण्यात पांढरे कपडे धुवायचे, म्हणजे भांडणाला वेगळं कारण शोधायची गरजच नव्हती. आईचे वडील रंगारी होते आणि वडिलांचे वडील लाँड्रीवाले. दोघांनी आयुष्याची उमेदीची वर्षं एकमेकांना ओढ्यात बुडवण्याच्या धमक्या देण्यात घालवली. शेवटी दोघंही थकले आणि मोरीवर बसून त्यांनी एक नियम ठरवला. पलीकडे कापडगिरणी होती, तिचा दुपारचा भोंगा सगळीकडे ऐकू यायचा. भोंग्यापर्यंत पाणी धुण्याचं, भोंग्यानंतर रंगाचं. भोंगा झाल्याशिवाय रंगाऱ्यानं हौदाचा दट्ट्या, म्हणजे तळाचं बूच, काढायचा नाही. त्या नियमावर विश्वास बसावा म्हणून की काय, रंगाऱ्याची थोरली मुलगी लाँड्रीवाल्याच्या मुलाला दिली. "तहात मी गेले," आई म्हणायची, आणि वडील म्हणायचे, "आणि आम्ही हरलो."

नियम चांगला चालला. आईचं लग्न झाल्यावर वरच्या कारखान्यात आजोबा आणि धाकटी मुलगी, म्हणजे मावशी, असे दोघंच राहिले. मावशीनं लग्न केलं नाही. दोघी बहिणींचं मात्र गूळपीठ होतं. सुट्टीच्या दिवशी आई काठाकाठानं वर जायची, नाहीतर मावशी खाली यायची. आई तिला चिमी म्हणायची. हे सगळं मला वडिलांनी सांगितलं. आईच्या तोंडून मी चिमी हा शब्द कधीच ऐकला नव्हता.

नंतर जे झालं तेही वडिलांनीच सांगितलं. हॉस्पिटलच्या चादरींचं काम आमच्याकडे नवीन आलं होतं आणि आईनं त्या कामासाठी हॉस्पिटलच्या कितीतरी चकरा मारल्या होत्या. सकाळी सगळ्या चादरी ओढ्यात खळबळायला टाकल्या. भोंग्याला बराच अवकाश होता आणि वरून लाल रंग आला. थोडाथोडका नाही, नाटकगृहाचा पडदा रंगवायला घेतलेला पूर्ण हौद आला. बाहेर ओढून काढेपर्यंत सगळ्या चादरी गुलाबी झाल्या. आईच्या पायाची आग मस्तकात गेली. तिनं त्यातलीच एक ओली चादर उचलली आणि काठाकाठानं तरातरा वर गेली.

मावशी कारखान्याच्या दारात उभी होती. छातीपर्यंत भिजलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. आईनं चादर तिच्या पायाशी टाकली आणि तोंडाचा पट्टा सोडला. बापानं दिलेला शब्द तू मोडलास, म्हणाली. सासरी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणाली. बसून खायची सवय लागली की दुसऱ्याच्या कष्टाची किंमत कळत नाही, असंही म्हणाली. मावशी एक अक्षर बोलली नाही. आई आली तशी परत फिरली.

संध्याकाळी निरोप आला. सकाळी आजोबा हौदाच्या कडेवरून घसरून आत पडले होते, त्यांचं डोकं रंगाखाली गेलं होतं. भरलेल्या हौदातून त्यांना वर काढणं एकट्या मावशीला जमेना, तेव्हा तिनं दट्ट्या काढून हौद रिकामा केला. आई दारात उभी राहून चादरींचं बोलत होती तेव्हा आजोबा आत फळीवर पडून धापा टाकत होते. छातीत रंगाचं पाणी गेलं होतं. त्यातून ते उठले नाहीत.

त्यांना पोचवून आल्यावर बहिणी अंगणात समोरासमोर आल्या. आईला काहीतरी बोलायचं होतं, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. मावशीच बोलली. "तुझी चादर वाळत घातलीय," ती म्हणाली. "जाताना घेऊन जा." आईनं चादर घेतली नाही. त्यानंतर ती वर गेली नाही आणि मावशी खाली आली नाही. त्याच वर्षी माझा जन्म झाला. आता माझे केस पांढरे व्हायला लागले आहेत, यावरून काय तो हिशोब करा.

मला या दोघींचा राग यायचा, अजूनही येतो. हाकेच्या अंतरावर नसल्या तरी एकाच पाण्यावर राहणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी, आणि एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत. मी मावशीला बाजारात दोन-चारदा पाहिलं होतं. ती उंच, हाडकुळी, नखं कायम कुठल्या ना कुठल्या रंगात बुडालेली. ती माझ्याकडे बघायची आणि मग भाजीच्या ढिगात काहीतरी हरवल्यासारखं शोधत बसायची. वडील आईला म्हणायचे, "जा की एकदा वर. ओढा उलटा वाहत नाही, माणसाला चालता येतं." आई म्हणायची, "कुठल्या तोंडानं जाऊ?" आणि इस्त्री पुढे रेटायची.

पण रोज दुपारी जेवण झालं की ती मागच्या दारी जायची. भोंगा झाला की वरून रंग सुटायचा आणि आमच्यापर्यंत यायला त्याला थोडा वेळ लागायचा, तोवर आई उभी असायची. रंग बघून तिला सगळं कळायचं. काळा आला की म्हणायची, गणवेशाचं काम मिळालेलं दिसतंय. हिरवा दाट आला की म्हणायची, तब्येत चांगली आहे. एकदा पिवळा अगदी पाणचट आला तेव्हा ती दिवसभर अस्वस्थ होती. "ढवळणं होत नाहीये तिच्यानं," म्हणाली. "खांदा धरला असणार. लहानपणी झाडावरून पडली होती, तोच खांदा." सुट्टीच्या दिवशी तेवढं पाणी स्वच्छ यायचं. त्या दिवशी आईचं जेवणात लक्ष नसायचं.

आमच्याकडे यंत्रं आली, नळ आले. ओढ्यात कपडे धुणं बंद होऊन जमाना झाला. धुण्याचे दगड आम्ही अंगणातल्या पायरीला लावले. गिरणीही बंद पडली आणि तिच्याबरोबर भोंगा गेला. आता खाली कुणी धूत नाही आणि वर भोंगा ऐकू येत नाही, म्हटल्यावर मावशीनं रंग पहाटे सोडला असता तरी विचारणारं कोण होतं? पण रंग कायम दुपारीच आला. सकाळी एकदाही आला नाही. मी एकदा हे आईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मला दिसतंय ते. तू मला सांगू नकोस." आणि तिचे डोळे भरून आले.

वडील गेले तेव्हा मावशी आली नाही. माणसांनी घर भरलं होतं, कुजबुजही झाली. दुपारी त्या सगळ्यांना सोडून आई मागच्या दारी गेली, म्हणून मीही तिच्यामागे गेले. वार कामाचा होता आणि पाणी काचेसारखं स्वच्छ येत होतं. "कारखाना बंद ठेवलाय तिनं," आई म्हणाली. सकाळपासून तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते तिथे ओढ्याकाठी आलं. तेव्हापासून स्वच्छ पाण्याचा आमच्या घरात एकच अर्थ झाला.

म्हणूनच यंदा ओढा स्वच्छ व्हायला लागला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला आणि आईचा जीव टांगणीला लागला. पहिल्या दिवशी तिला वाटलं, काही काम निघालं असेल. दुसऱ्या दिवशी ती बराच वेळ काठावर उभी राहिली. पुढे पुढे ती सकाळपासूनच तिथे जाऊन बसायला लागली. आठवडा उलटला तरी रंगाचा पत्ता नव्हता. तिकडे शाळेतली मुलं ओढ्यातले मासे बघायला कुंपणावर लटकत होती. नगरपालिकेनं पाटी बदलून 'स्वच्छ ओढा' असं लिहिलं आणि कुणीतरी तिच्याशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतले. बेकरीवाला मुद्दाम दुकानात येऊन म्हणाला, "काकू, बघितलंत का, तळ दिसायला लागला." आईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो शर्ट न घेताच परत गेला.

"आई, नगरपालिकेनं काहीतरी केलं असेल," मी म्हटलं.

"काय केलं असेल?"

"मला काय माहीत? पण काहीतरी केल्याशिवाय पाटी कशी लावतील?"

"पाटी त्यांनी नाल्याचीही लावली होती," आई म्हणाली. "नगरपालिकेच्या सांगण्यावरून हौद बंद ठेवणाऱ्यातली ती नाही. ती गेली, आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही. कळवतील कशाला? आपण कोण तिचे?"

माझ्याकडे मावशीचा फोन नंबर नव्हता. आमच्या घरात तो कधी कुणाकडे नव्हताच. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी मी जाऊन बघून येते. पण सकाळी मी दुकान उघडायला खाली आले तर ती बाहेर पडायच्या तयारीत उभी होती. कपाटातली कडक इस्त्रीची एक कोरी पांढरी चादर तिनं पिशवीत घातली होती. ती कशासाठी, हे मला बघताक्षणी कळलं. मी दुकानाला कुलूप लावलं.

रस्त्यानं बस जाते, दहा मिनिटांत सोडते. आई ऐकेना. "बसनं कुठून जायचं ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मला हीच वाट माहीत आहे." मग आम्ही काठाकाठानं निघालो. तिचे गुडघे दुखतात, आणि शाळेच्या कुंपणापाशी काठ इतका अरुंद आहे, की मला तिला धरून न्यावं लागलं. पिशवी मात्र तिनं माझ्या हातात दिली नाही.

बेकरीच्या मागे ती थांबली. "इथून तो वळायचा," म्हणाली आणि गल्लीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "तुझे रंगारी आजोबा आम्हाला दाखवायचे. म्हणायचे, ओढ्यानं वाट बदलली तरी पाणी तेच असतं. चिमी म्हणायची, पाणी रोज नवं असतं, बाबा. अशी उलट बोलायची ती." चिमी हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती पिशवी सावरून लगेच पुढे निघाली.

मोरीपाशी आम्हाला पाइप दिसला. सिमेंटचा, नवा कोरा. वरून काठालगत येत होता आणि मोरीच्या अलीकडे मोठ्या गटारात शिरत होता. खणलेली माती अजून ओली होती. मला इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच हसायला लागले. "आई, हे बघ. कारखान्याचं पाणी यातून जातं आता. म्हणून ओढ्यात रंग नाही. उगीच जिवाला घोर लावून घेतलास."

आईनं पाइप नीट बघितला. मग ती खाली वाकली आणि तिनं त्याला कान लावला.

"काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"अगं, सकाळ आहे. तिनं अजून सोडलं नसेल."

"पाइप घातलाय हे खरं," आई म्हणाली. "पण त्यातून कुणी काही सोडतंय कशावरून?" माझं हसू तिथेच थांबलं.

कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड, तिच्यापुढे अंगण आणि अंगणात कापड वाळवायच्या दोऱ्या. दोऱ्या रिकाम्या होत्या. शेडचं दार लोटलेलं होतं. भट्टीचा धूर नव्हता, कुणाचा आवाज नव्हता. आई अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली. एवढं चालून आलेली बाई, पण पुढचं अंगण तिला ओलांडता येईना. तिनं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "तू बघ," ती मला म्हणाली. "मला नाही बघवायचं."

मी पाऊल उचललं तेवढ्यात शेडच्या मागून मावशी आली. हातात कोळशाची टोपली, साडीवर चढवलेला जुना शर्ट, कपाळावर काळा डाग. तिनं आधी मला बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या आईला. टोपली तिनं खाली ठेवली. तिचा चेहरा पडला, अगदी चोरी पकडली गेल्यासारखा, आणि ती घाईघाईनं म्हणाली,

"भोंगा व्हायचाय अजून, ताई. मी काही सोडलेलं नाही."

आई खालीच बसली. अंगणातल्या दगडावर बसली आणि रडायला लागली. मावशी धावत आली, पण जवळ येऊन तिचे हात थबकले, कारण ते कोळशानं भरले होते. तेवढ्यातही आईची नजर तिच्या कॉलरकडे गेली. "किती मळलीय," ती रडत रडत म्हणाली. "तू स्वतःकडे बघतेस तरी का?"

मावशीनं पाणी आणलं. मग हळूहळू सगळं कळलं. पाइप घातल्यापासून हौदाचं पाणी ओढ्यात सोडायला बंदी होती. पहिल्या दिवशी दट्ट्या काढल्यावर पाणी ओढ्याऐवजी पाइपात गेलं तेव्हा मावशीला वाटलं होतं, आता खाली ताईला काही दिसायचं नाही. "दिसत होतं का तुला?" तिनं आईला विचारलं. आईनं नुसती मान डोलावली. "मला वाटायचंच," मावशी म्हणाली. "म्हणून मी फिकं सोडत नव्हते कधी. खांदा दुखला तरी."

"पिवळं फिकं होतं एकदा," आई म्हणाली.

"ते एकदाच."

मी विचारलं, "पण मावशी, पाणी आता पाइपात जातं. भोंगाही बंद पडला. मग दुपारपर्यंत कशाला थांबतेस?"

मावशीनं शेडच्या आत बोट दाखवलं. हौदाच्या वरच्या फळीवर किल्लीचं एक जुनं घड्याळ टिकटिकत होतं. "भोंग्याआधी सोडायचं नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "मग पाइप कुणाचा का असेना." आणि मग आईकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली, "एकदा सोडलं होतं."

मग मावशीची नजर पिशवीवर गेली. तिनं कोपरानं तोंड पुसून विचारलं, "पिशवीत काय आणलंस?" आईनं पिशवी मागे सरकवली. पण मावशीनं पिशवीतून बाहेर डोकावणारं पांढरं टोक बघितलं, त्याची कडक घडी बघितली आणि क्षणभर तिच्या ध्यानात आलं नाही. मग आलं.

"मला झाकायला आणलीस?" ती म्हणाली आणि हसायला लागली. अशी हसली, की तिला दाराला धरावं लागलं. "जिवंतपणी यायला जमलं नाही आणि चादर घेऊन बरी आलीस." आईला आधी राग आला, तो मला दिसला. मग तिलाही हसू फुटलं. दोघींचं हसणं हुबेहूब सारखं होतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

"आणि ती चादर?" आईनं विचारलं. "वाळत घातली होतीस ती?"

"ती मी पांघरली बरीच वर्षं. केव्हाच फाटली. कापड चांगलं होतं," मावशी म्हणाली. "ही पण ठेवून जा."

आईनं चादर काढून तिच्यापुढे ठेवली. मग ती बोलली. तिचा आवाज नेहमीचा, गिऱ्हाइकाला कपडे उशिरा मिळतील असं सांगतानाचा होता. "चिमे, बाबा आत पडले होते आणि मी दारात उभी राहून चादरींचं बोलत होते. आधी आत यायला हवं होतं मी. हे मला तेव्हाच म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही, आणि मग जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं."

"तुला माहीत नव्हतं," मावशी म्हणाली.

"मी विचारलंही नव्हतं."

नाही गं, असं काही नाही, असं मावशी म्हणाली नाही, आणि मला ते बरं वाटलं. ती म्हणाली, "मलाही लागलं होतं ते. खूप लागलं. मी पण मग चादरीचं बोलले." मग ती उठून आत गेली आणि तिच्यामागोमाग आईही. कितीतरी वर्षांनी ती त्या शेडमध्ये पाऊल टाकत होती. कडेचा हौद काठोकाठ भरलेला होता. कापड रंगवून उरलेलं ते पाणी होतं, लालभडक. आजोबा पडले तो हौद कुठला, हे कुणी मला सांगितलं नाही, पण आई सरळ त्याच हौदापाशी गेली. तिनं बाह्या वर केल्या तेव्हा मला कळलं, की तो हाच.

"काय करतेस?" मावशीनं विचारलं. तिनं घड्याळाकडे बघितलं. "अजून वेळ आहे, ताई. भोंगा व्हायचाय."

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

ती कडेला गुडघे टेकून बसली, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल पाण्यात घातले, दट्ट्याला लावलेला दांडा चाचपला आणि जोर लावून दट्ट्या उपसून काढला. हौदात एक गचका बसला आणि पाणी घरघरत पाइपात शिरायला लागलं. मावशी घड्याळाकडे बघत होती, आई पाण्याकडे. पाणी पार तळाला जाईपर्यंत दोघींपैकी कुणीही हललं नाही.

मग मावशीनं तिच्यापुढे साबण धरला. "हात धू," म्हणाली. "वाळला की आठवडाभर जात नाही."

"राहू दे," आई म्हणाली.

दुपार टळल्यावर आम्ही निघालो, तेव्हा मावशी मोरीपर्यंत पोचवायला आली. ओढा आमच्या बाजूनं स्वच्छ वाहत होता, तळातले दगड दिसत होते. शाळेच्या कुंपणापाशी मी आईला म्हटलं, इथे तरी धुऊन टाक, पाणी चांगलं आहे. आयुष्यभर दुसऱ्याचे डाग काढत आलेल्या त्या बाईनं एकदा आपल्या हातांकडे बघितलं आणि त्या सकाळी मावशीचे होते तसे कोपरापर्यंत लाल हात न धुताच घरापर्यंत आणले.